बॅटरी कुठं ठेवलीय ते आधी बघा

गाड्यांचं पान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी महागड्या गाड्यांवरचीच पत्रं जास्त आलीत. फुल इलेक्ट्रिक की प्लग-इन हायब्रिड (वायर लावून चार्ज होते, पण पेट्रोलचं इंजिनही असतं ती), हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलाय सगळ्यांनी. त्यातली सहा पत्रं घेतो, पहिल्याला जास्त जागा देतो कारण त्यात बाकीच्यांचंही बरंच येऊन जातं.

राम राम भाऊ. केळीची बाग आणि ट्रान्सपोर्ट असे आमचे दोन धंदे. मोठा मुलगा म्हणतो बीएमडब्ल्यू आय-सेव्हन नाहीतर मर्सिडीज ईक्यूएस घ्या, पूर्ण इलेक्ट्रिक. धाकटा म्हणतो प्लग-इन हायब्रिड घ्या, रेंज रोव्हर किंवा बीएमडब्ल्यू एक्सएम, चार्ज संपला तर पेट्रोल आहेच. रोज रावेर-सावदा-फैजपूर-भुसावळ-जळगाव असं फिरणं असतं, जाऊन-येऊन दीडशेच्या आत, आणि महिन्यातून एकदा वाशी मार्केट. आमचे वडील म्हणतात, "गाडी भारी शे, पन चार्ज कोठे करानी?" कोणाचं ऐकू?
– केळी बागायतदार, रावेर तालुका

नाना, राम राम. आधी वडिलांचं ऐका, कारण त्यांचाच प्रश्न सगळ्यात पहिला आहे. पण त्याच्या आधी धाकट्याच्या डोक्यात जे बसलंय ते थोडं मोकळं करू.

लोकांना वाटतं प्लग-इन म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक, म्हणून बॅटरी लहान, म्हणून गाडी हलकी. तसं नाहीये. एक्सएममध्ये वापरता येणारी बॅटरी सुमारे २५ युनिटची (लाइट बिलातलंच युनिट, किलोवॉट-अवर) आणि आय-सेव्हनमध्ये सुमारे १०१ युनिटची, म्हणजे चौपट, तरी वजन बघायला गेलं तर दोन्ही गाड्या २,७०० किलोच्या आसपासच. एक्सएमचं वजन मग कशात गेलं, तर ४.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, त्याचा गिअरबॉक्स, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, रेडिएटर, आणि वरून मोटर नि बॅटरी. एका बॉडीत दोन गाड्या कोंबल्यात त्यांनी, आणि त्या दोन्ही तुम्ही रोज सोबत घेऊन फिरणार. चार्ज असेल तेव्हा इंजिनाचं ओझं वाहायचं, चार्ज संपला की बॅटरीचं. तरी याचं मोल आहे, नाही असं नाही, अडकून पडायची भीती नाही हे मोलच आहे. फक्त ते फुकट मिळत नाही एवढं धाकट्याला सांगा.

आता तुमचा रोजचा हिशोब. प्लग-इनमध्ये रेंज रोव्हरची बॅटरी मोठ्यातली, एकूण ३८ युनिटची, त्यातली ३१-३२ वापरता येते. कागदावर शंभरच्या वर किलोमीटर दिलेत, पण आपल्याकडं मे महिन्यात एसी फुल आणि गाडी अडीच टनाच्या वरची, मी सत्तर-ऐंशीच धरतो. म्हणजे जळगावला पोचेपर्यंत विजेवर, आणि तिथं आडतीत बसलाय तेवढ्या वेळात चार्ज केली नाही तर परत येताना पेट्रोलवर. जळगावला चार्जिंगची सोय केली तर मात्र तुमचं रोजचं सगळं फिरणं विजेवर होईल. पण करतं कोण? माझ्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, प्लग-इन घेऊन दीड वर्ष झालेलं, मी डिकी उघडली तर चार्जिंगची केबल कंपनीच्या प्लास्टिक पिशवीत, वरचं स्टिकरसुद्धा फाटलेलं नाही. ते सरळ पेट्रोल भरून फिरतात, आणि ॲव्हरेज देत नाही म्हणून तक्रार करतात. हे एकट्या त्यांचंच नाही बरं का, युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा काढून बघितला तेव्हा प्लग-इन गाड्यांचं खरं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं, आणि मोठं कारण हेच की लोक त्या ठरवल्या होत्या तितक्या चार्जच करत नाहीत. तेव्हा धाकट्याला प्रामाणिकपणे विचारा, रोज रात्री वायर लावणार का तू? "लावीन" म्हणाला तर प्लग-इनचा विचार करा, "बघू" म्हणाला तर सोडून द्या.

आता वाशी. ईक्यूएस ५८० ला आपल्याकडच्या टेस्टप्रमाणे ८५७ किलोमीटरची रेंज जाहीर झाली होती, पण हायवेला मी तिचे पाचशेच धरून चालतो, आय-सेव्हनचे त्याहून थोडे कमी. रावेर ते वाशी पावणेपाचशेच्या घरात जातं म्हणजे मध्ये एकदा थांबणं आलंच, आणि थांबायला हरकत नाही, एवढ्या लांब बिनथांब्याचं कोण जातं, चहा-नाश्त्याला तर थांबतोच आपण. खरी अडचण चार्जरच्या ताकदीची आहे. या दोन्ही गाड्या १९५-२०० किलोवॉटनं चार्ज घेऊ शकतात, अर्ध्या तासात १० वरून ८० टक्के, ब्रोशरमध्ये तसंच लिहिलेलं असतं. पण आपल्या रस्त्यांवर पुष्कळ चार्जर ६० किलोवॉटचे असतात, ७० युनिट भरायला सव्वा तास, आणि दोन गनमध्ये (गाडीला लावायच्या दोन वायरींत) ताकद वाटून देणारा चार्जर असला नि शेजारी दुसरी गाडी लागली की अडीच तास. मी मागच्या उन्हाळ्यात मित्राबरोबर जळगावहून मुंबईला इलेक्ट्रिक गाडीनं गेलो होतो, दुपारी दोनला नाशिकच्या अलीकडं एका हॉटेलच्या आवारात थांबलो, चार्जरवर शेड नाही, स्क्रीन उन्हात पांढराफटक, हात आडवा धरून वाचावं लागलं, आणि वाचलं तर काय, एरर. ॲपवर हिरवा दिवा, समोर बंद मशीन. पोऱ्या म्हणाला साहेब दोन दिवसांपासून असंच आहे. गाडीत २२ टक्के होते म्हणून पुढच्या ठिकाणी निभावलं. म्हणून इलेक्ट्रिक घेतली तर वीसच्या खाली जायचं नाही आणि पुढचा चार्जर बंदच आहे असं धरून चालायचं, ही शिस्त पाहिजे.

आणि वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर: घरीच. थ्री फेज घरगुती कनेक्शन, मंजूर भार वाढवून घ्या, अर्थिंग नवीन करा, ११ किलोवॉटचा चार्जर बसवा, मग शंभर युनिटची रिकामी बॅटरी नऊ-दहा तासांत भरते आणि तुमच्या रोजच्या फिरण्यापुरतं तर तीन-साडेतीन तासांतच. एक हात जोडून सांगतो, शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवरून गाडी लावू नका. ते शेतीच्या दराचं कनेक्शन, त्यावर गाडी लावणं अनधिकृत वापर ठरतो, आणि पाळीपाळीनं येणारी ती लाइट नि तिचं व्होल्टेज कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

तुमच्या जागी मी असतो तर पूर्ण इलेक्ट्रिक घेतली असती, आणि बागेत जायला बोलेरो आहे तशीच ठेवली असती. या सेडान शेतरस्त्याच्या नाहीत.

आम्ही ईक्यूएसची टेस्ट ड्राइव्ह घेतली. गाडी आवडली पण मागं बसल्यावर गुडघे वर आल्यासारखे वाटले, मांडीखाली आधार कमी वाटला. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच मागं बसणार. एवढ्या मोठ्या गाडीत असं का?
– एक डॉक्टर, धुळे

ताई, तुम्ही बरोबर पकडलंत. कारण पायाखाली आहे. बॅटरी फ्लोअरच्या खाली ताटासारखी पसरलेली असते, त्यामुळं फ्लोअर वर येतो. आता फ्लोअर वर आला तर सीटही वर घ्यायला पाहिजे, सीट वर घेतली तर छत वर घ्यायला पाहिजे, आणि छत वर घेतलं की गाडी हवा जास्त कापते नि रेंज कमी होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० ऐवजी ११० नं चाललात तर जवळजवळ दुप्पट, म्हणून इलेक्ट्रिकवाले हवेला एवढे घाबरतात.

मर्सिडीजनं इथं हवेची बाजू घेतली. नाकापासून शेपटापर्यंत एकच कमान, ड्रॅगचा म्हणजे हवेच्या विरोधाचा आकडा ०.२०, बाजारात आली तेव्हा मोठ्या कंपनीच्या चालू गाड्यांत सगळ्यात कमी. त्या कमानीखाली मागच्या माणसाचं डोकं नि गुडघे दोन्ही बसवायचे होते, त्यात गुडघ्यांनी थोडं सोसलं. बॉनेटही मालकानं उघडायचं नाही अशीच रचना आहे, काचेचं पाणी भरायला डाव्या बाजूला वेगळी झडप दिलीय.

बीएमडब्ल्यूनं आय-सेव्हनमध्ये उलटं केलं. पेट्रोल, डिझेल, प्लग-इन आणि इलेक्ट्रिक, चौघांना एकच बॉडी. खरं तर याला तडजोड म्हणतात, कारण इंजिनासाठी ठेवलेलं लांब नाक इलेक्ट्रिकला फुकट जातं. पण त्यांनी बॅटरी फक्त ११ सेंटीमीटर जाडीची केली आणि छत आधीच्या सेव्हन सिरीजपेक्षा पाच-सहा सेंटीमीटर वर नेलं. दिसायला काहींना ती बोजड वाटते, हवेचा आकडाही ०.२४ म्हणजे ईक्यूएसपेक्षा जास्त, पण मागं बसणाऱ्याला सरळ बसता येतं. पोर्शनं टायकानमध्ये तिसराच रस्ता काढला, मागच्या पायांच्या जागी बॅटरीत खड्डाच सोडला, पाय खाली जातात नि गाडी बसकी राहते, पण तेवढे सेल कमी झाले.

सासूबाईंना प्रत्यक्ष घेऊन जा. दहा मिनिटं बसवून उपयोग नाही, धुळ्याहून निदान सोनगीरपर्यंत फिरवून आणा आणि उतरताना बघा, हाताचा टेकू न घेता उठता येतंय का ते. चढण्या-उतरण्याला सीटची उंची लागते, सेडानमध्ये ती कमीच. मला विचाराल तर त्यांच्यासाठी सेडान नकोच, उंच गाडी बघा, इलेक्ट्रिक एसयूव्हीत हाच वर आलेला फ्लोअर त्रास देत नाही कारण सीट आधीच उंचावर असते.

सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला प्लग-इन आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या डिझाइनची तुलना घेतलीय. एकाच काळातल्या दोन गाड्या सुचवा.
– विद्यार्थी, शिरपूर

मित्रा, फिस्कर कर्मा (२०११) आणि टेस्ला मॉडेल एस (२०१२). यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही, मी स्वतः यांच्यावरूनच शिकलो.

दोन्ही जवळजवळ पाच मीटर लांब, दोन्ही श्रीमंतांसाठी, दोन्ही नव्या कंपन्यांच्या. कर्मामध्ये २० युनिटची बॅटरी आणि जनरल मोटर्सचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ते इंजिन चाकाला जोडलेलंच नाही, फक्त जनरेटर फिरवून वीज करायचं. अमेरिकन टेस्टमध्ये विजेवर ३२ मैल, म्हणजे ५१ किलोमीटर. मॉडेल एसच्या ८५ युनिटच्या बॅटरीवर २६५ मैल, म्हणजे ४२६ किलोमीटर.

आता कागदावर दोघींचे उभे छेद काढ. कर्माची बॅटरी गाडीच्या मधोमध लांब पेटीसारखी, दोन सीटांच्या मधून पुढून मागपर्यंत. म्हणून मागं मधली सीट नाही, चारच माणसं. पुढं इंजिन, म्हणून लांब नाक. २२ इंची चाकं, बसकं छत, म्हणून आत जागाच उरली नाही. एवढी लांब गाडी, पण आतली जागा मोजून अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेनं तिला सबकॉम्पॅक्ट वर्गात टाकलं, छोट्या गाड्यांच्या पंगतीत! मॉडेल एसची बॅटरी चटईसारखी खाली, मोटर मागच्या चाकांच्या मध्ये, पुढं काहीच नाही म्हणून पुढंही डिकी, मागंही डिकी, पाच माणसं, आणि पाहिजे तर मागच्या डिकीत लहान पोरांच्या उलट्या तोंडाच्या दोन सीट.

पण सेमिनारमध्ये "टेस्ला हुशार, फिस्कर मूर्ख" असं लिहू नकोस. कर्माच्या डिझायनरनं आधी सुंदर आकार ठरवला आणि मशिनरी त्यात बसवली, टेस्लावाल्यांनी आधी बॅटरी ठेवली आणि तिच्याभोवती गाडी केली. त्यात त्या वेळी बॅटरी फार महाग होती आणि चार्जर नव्हतेच, २० युनिट आणि जनरेटर हा विचार त्या दिवसांत अडाणीपणाचा नव्हता. शेवरले व्होल्टनंही २०१० च्या शेवटी असाच विचार केला, १६ युनिटची टी आकाराची बॅटरी, चार सीट. फिस्कर कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण कर्मा आजही उभी असली तर माणूस थांबून बघतो, हेही खरंच आहे. गुण मिळवायचे असतील तर एकच प्रश्न धरून बस: बॅटरीची जागा बदलली की माणसांची जागा कशी बदलते. बाकी स्पेसिफिकेशनचे तक्ते कोणीही चिकटवतं.

माझं दुकान सराफ बाजारात, घर रिंग रोडला, रोजचं फिरणं दहा-बारा किलोमीटर. वर्षातून तीन-चारदा मुंबई. प्लग-इन माझ्यासाठी बरोबर वाटते ना?
– सराफ, जळगाव

शेठ, कागदावर एकदम बरोबर. पण दोन गोष्टी ऐका.

पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या प्लग-इनवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. दीड-दोन कोटींच्या गाडीत हा फरक किती होतो ते सोन्याचा हिशोब करणाऱ्याला मी काय सांगू. बाहेरच्या काही देशांत प्लग-इन लोक घेतात कारण ती स्वस्त पडते, आपल्याकडं ते गणितच फिरलेलं आहे.

दुसरी, तुमचं इंजिन वर्षातले साडेतीनशे दिवस झोपून राहील. पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडलं की खराब होतं, म्हणून बऱ्याच प्लग-इनना बंद दाबाची टाकी असते, बटण दाबून थोडं थांबल्यावरच झाकण उघडतं, आणि काही गाड्या तर जुनं पेट्रोल संपवायला आपोआप इंजिन चालू करतात. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग चालू ते वेगळंच. डिकीही मापानं बघा. युरोपात बीएमडब्ल्यूची मागच्या पिढीची फाइव्ह सिरीज साधी घेतली तर डिकी ५३० लिटर, तीच प्लग-इन ५३०ई घेतली तर ४१०, कारण बॅटरीनं मागच्या सीटखालची जागा घेतली आणि पेट्रोलची टाकी मागं सरकली.

तुम्ही मध्यम बॅटरीची इलेक्ट्रिक घ्या, ६०-७० युनिटची. शंभर युनिटला पैसे घालू नका, रोज बारा किलोमीटरसाठी ते ओझं कशाला वाहायचं. मुंबईला एक थांबा जास्त होईल, वर्षातून तीन-चारदा.

आमच्याकडं ४४-४५ डिग्री जातं. बॅटरी टिकेल का?
– नंदुरबार

टिकेल, पण थंड करायची यंत्रणा बघा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनात निसान लीफच्या बॅटऱ्या उन्हानं लवकर उतरल्या, तिच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नव्हतं. आताच्या महागड्या गाड्यांत ते असतं, गाडी उभी असून चार्ज होत असताना आतून पंख्याचा, कॉम्प्रेसरचा आवाज येतो तो त्याचाच, घाबरू नका.

प्लग-इनची बॅटरी लहान म्हणून तिला जास्त राबावं लागतं. रोज २० युनिट वापरले तर २५ ची बॅटरी रोज जवळपास रिकामी होते, १०० ची पाचवा हिस्साच. उष्णता आणि रोजची पूर्ण भर-रिकामी, दोन्ही एकत्र आलं की वय कमी होतं. तुमच्यासाठी सोपा नियम: सावलीत उभी करा, रोज ८० टक्क्यांवर थांबवा, शंभर टक्के भरून चार-चार दिवस उन्हात सोडू नका. शंभर करायचेच असतील तर निघायच्या आधी पहाटे.

मी इलेक्ट्रिक एसयूव्ही बुक करतोय. अजून काय बघू?
– चोपडा

स्टेपनी. हे कोणी विचारत नाही आणि मग रस्त्यात आठवतं. इलेक्ट्रिक असो की प्लग-इन, बऱ्याच महागड्या गाड्यांत स्टेपनीची जागा बॅटरीनं नाहीतर वायरिंगनं खाल्लेली असते, बदल्यात पंक्चर किट देतात, फेसाची बाटली आणि छोटा पंप. खिळा गेला तर चालतं, टायरची बाजू फाटली तर काही उपयोग नाही. आणि २१ इंची चाकाला रबर किती पातळ असतं ते हात लावून बघा. चोपड्याकडच्या रस्त्याला पावसानंतर खड्डे कसे पडतात ते तुम्हाला माहीत आहे, त्या पातळ रबरातून मार थेट रिमला लागतो. त्याच मॉडेलमध्ये १९ ची चाकं मिळत असतील तर तीच घ्या, सेल्समन काहीही म्हणो, त्यानं रेंजही थोडी वाढते.

गावातले स्पीडब्रेकर हाही विषय आहे. बॅटरी पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध खाली असते, लांब व्हीलबेसची म्हणजे या दोन चाकांत अंतर जास्त असलेली गाडी उंच ब्रेकरवर पोटानं टेकते. खालून जाड पत्रा असतो, लगेच काही होत नाही, पण एकदा जोरात घासली तर वरून काही दिसत नाही म्हणून विसरायचं नाही, रॅम्पवर घेऊन खालून बघून घ्यायचं. चारी माणसं बसवून टेस्ट ड्राइव्ह घ्या, शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, तुमच्या गल्लीतल्या ब्रेकरवरून न्या. आणि बुकिंगचे पैसे देण्याआधी डिकीचा गालिचा स्वतः उचला, त्याखाली काय आहे ते बघा.